अमेरिकेत ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत म्युझिकची डिग्री करायचीय? मग आजपासून नोटेशन वाचायला लागा

दरवर्षी नाताळात नगरला घरी आले की क्वायरची (चर्चमधल्या समूहगानाची) प्रॅक्टिस संपल्यावर कुणी ना कुणी मागं थांबतंच, आणि सगळे गेले की हळूच विचारतं, ताई, मलापण तिकडं जाऊन म्युझिक शिकायचंय, काय करावं लागेल. हे पाच मिनिटात सांगण्यासारखं नाही म्हणून एकदाच सगळं बसून लिहितेय. मी स्वतः चर्च म्युझिकमध्ये बॅचलर केलंय, मुख्य वाद्य म्हणजे माझा गळा, मिडवेस्टमधल्या (अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या) एका छोट्या ख्रिश्चन कॉलेजात चार वर्षं काढली, तेव्हा खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मला तिकडं गेल्यावर उशिरा कळलेलं आहे आणि तुम्हाला ते आधी कळावं एवढीच इच्छा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. आपली मुलं कानानं पक्की असतात आणि वाचायला कच्ची. चर्चमध्ये वाढलेलं आपलं पोरगं एकदा ऐकलेली चाल दुसऱ्यांदा बिनचूक वाजवतं, काळी चार म्हणा नाहीतर पांढरी दोन, कीबोर्डचं पट्टी बदलणारं ट्रान्सपोज बटण न दाबता वाजवणारे पण आहेत आपल्यात, आणि हे तिकडच्या कितीतरी मुलांना जमत नाही. पण समोर स्टाफ नोटेशनचा (पाच रेघांवर सूर लिहायच्या पाश्चात्य पद्धतीचा) कागद ठेवला की तेच पोरगं बोटानं एक एक रेघ मोजत बसतं. आणि ती डिग्री जवळजवळ सगळी कागदावर चालते, थिअरी म्हणजे संगीताचं व्याकरण कागदावर, क्वायरमध्ये दर आठवड्याला नवीन गाणं कागदावरून, पियानोची परीक्षा कागदावरून. म्हणून निघायच्या किमान दीड वर्ष आधी वाचन सुरू करा. बाकी सगळं मागून जमवता येतं, हे येत नाही.

माझं काय झालं सांगते. ऑगस्टमध्ये पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी थिअरीची प्लेसमेंट टेस्ट होती, की सिग्नेचर, इंटर्व्हल, ट्रायड, अर्धा पेपर बास क्लेफमध्ये (खालच्या सुरांच्या नोटेशनमध्ये), आणि मी आयुष्यात बास क्लेफकडे लक्षच दिलेलं नव्हतं कारण मी सोप्रानो म्हणजे बायकांचा वरचा आवाज, मला वरची ओळ सोडून काही दिसायचंच नाही. मला फंडामेंटल्सच्या क्लासला घातलं. तो क्लास वाईट नसतो पण पुढचं गणित असं असतं की थिअरी एक, दोन, तीन, चार अशी चार सेमिस्टरची साखळी असते, आणि बऱ्याच ठिकाणी थिअरी एक फक्त ऑगस्टच्या सेमिस्टरलाच सुरू होते, म्हणजे ती हुकली की पुढं थेट वर्षानं. म्युझिक हिस्टरी, फॉर्म, ऑर्केस्ट्रेशन, काही ठिकाणी कंडक्टिंगसुद्धा थिअरीच्या पुढं जोडलेलं असतं. एक कच्चा पेपर आणि आख्खी गाडी एक वर्ष मागं. मला दोन उन्हाळे क्लास घेऊन ते भरून काढावं लागलं आणि उन्हाळ्याच्या क्रेडिट्सना स्कॉलरशिप लागत नव्हती. बाबांनी ते पैसे कुठून आणले ते मला माहितीय, म्हणून सांगतेय.

आता डिग्री कुठली घ्यायची ते. दोन मुख्य प्रकार आहेत, बॅचलर ऑफ म्युझिक म्हणजे बीएम, आणि बीए इन म्युझिक. अमेरिकेत म्युझिक स्कूल्सना मान्यता देणारी संस्था आहे एनएएसएम, १९२४ सालची, तिच्या हिशोबानं बीएममध्ये साधारण ६५ टक्के अभ्यास संगीताचा असतो आणि बीएमध्ये ३० ते ४५ टक्के. सरळ अर्थ असा की बीएमला रोजचा रियाज, रिसायटल (आपला स्वतःचा कार्यक्रम), ऑडिशन सगळं कडक, आणि बीएमध्ये सोबत दुसरा विषय करायला जागा राहते. घरच्यांना धास्ती वाटत असेल की नुसत्या संगीतावर पोट कसं भरणार, तर बीए करून सोबत कॉम्प्युटर किंवा सायकॉलॉजी घेणारी भरपूर मुलं असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. बीएमच्या आत मग परफॉर्मन्स, म्युझिक एज्युकेशन, कंपोझिशन, चर्च म्युझिक किंवा वर्शिप अशा शाखा. म्युझिक एज्युकेशनला शेवटचं सेमिस्टर शाळेत शिकवायला जावं लागतं आणि त्या राज्याच्या टीचिंग लायसनची वाट मोकळी होते. वर्शिप आणि चर्च म्युझिक यात लोकांचा घोळ होतो. वर्शिपमध्ये बँड, साउंड, गाणी लिहिणं, टीम चालवणं असा भर असतो, चर्च म्युझिकमध्ये क्वायर, ऑर्गन, उपासनेचा इतिहास, भजनसंग्रहांचा अभ्यास. कोर्सची यादी उघडून बघा, नावावर जाऊ नका. आणि कुठंही अर्ज करायच्या आधी एनएएसएमच्या साइटवर त्या जागेचं नाव आहे का बघा, काही चांगल्या जागा त्यात नसतात हे खरं, पण नाव असेल तर एक किमान दर्जा पक्का.

अजून एक, कॉलेज या शब्दानं फसू नका. आपल्याकडं कॉलेज कुठल्यातरी युनिव्हर्सिटीला जोडलेलं असतं, तिकडं तसं नाही, कॉलेज स्वतःच डिग्री देतं. इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज (१८६० चं, त्यांची स्वतःची कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीताची शाळा आहे) किंवा मिनेसोटातलं सेंट ओलाफ कॉलेज (१८७४, लुथरन या प्रोटेस्टंट पंथाचं) ही नावानं कॉलेजं आहेत पण संगीतात मोठमोठ्या युनिव्हर्सिटींच्या तोडीची. सेंट ओलाफचा क्वायर १९१२ मध्ये एफ. मेलियस क्रिस्टियनसन यांनी उभा केला, बिनसाथीचं समूहगान कसं असावं याचा अमेरिकेतल्या कॉलेज क्वायरांवर त्या माणसाचा फार मोठा ठसा आहे, आणि त्यांचा ख्रिसमस फेस्टिवलपण त्याच सालापासून चालत आलाय. टेक्सासमध्ये वेको गावात बेलर आहे, १८४५ ची बॅप्टिस्ट युनिव्हर्सिटी, चर्च म्युझिकमध्ये पार पीएचडीपर्यंत शिकता येतं. नॅशव्हिलला बेल्मॉन्ट आहे, तिथं कमर्शियल म्युझिकमध्ये बीएम मिळतं, स्टुडिओ आणि गाणी लिहिण्याकडं ओढा असेल तर ते बघा. कॅलिफोर्नियात बायोला. आणि वसईची, गोव्याची कॅथलिक मुलं विचारतात आमच्यासाठी काय, तर वॉशिंग्टनला कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका आहे, पिट्सबर्गला ड्यूकेन आहे, ड्यूकेनला स्वतंत्र म्युझिक स्कूल आहे आणि कॅथलिक युनिव्हर्सिटीत संगीत, नाटक आणि कला यांचं मिळून एक स्कूल आहे.

श्रद्धेचं काय, हा प्रश्न मुलं विचारायला लाजतात पण विचारायलाच हवा. ख्रिश्चन युनिव्हर्सिटी म्हटलं तरी सगळ्या सारख्या नसतात. बायोलासारख्या ठिकाणी बॅचलरला अर्ज करणारा स्वतः ख्रिस्ती विश्वासू असावा अशी अटच आहे. व्हीटनमध्ये कम्युनिटी कव्हनंट आहे, म्हणजे तुम्ही कसं राहाल याचा करार, त्यावर सही करावी लागते. बेलरला किंवा सेंट ओलाफला कुठल्याही धर्माचा विद्यार्थी जातो, पण बेलरमध्ये दोन सेमिस्टर चॅपल (कॅम्पसवरची प्रार्थनासभा) आणि बायबल व ख्रिस्ती वारशाचे दोन कोर्स सगळ्यांना असतात, सेंट ओलाफला रोजचं चॅपल ऐच्छिक. तेव्हा हिंदू, बौद्ध घरातली मुलंपण जाऊ शकतात, माझ्या वर्गात होती, फक्त करार असेल तर तो नीट वाचून, घरी बोलून, मनापासून पटत असेल तरच सही करा. दारू, मुलामुलींचे संबंध, हॉस्टेलचे नियम, सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि ते पाळलं जातं. अर्जात साक्ष, म्हणजे तुमच्या श्रद्धेची गोष्ट, लिहायला सांगतात, त्यात मोठे मोठे शब्द नकोत. तुमच्या गावच्या चर्चमध्ये रविवारी काय करता, कोणी शिकवलं, कुठली गोष्ट अवघड गेली, तेवढं खरं लिहा. पास्टरचं पत्र लागत असेल तर त्यांना महिनाभर आधी सांगा, आणि इंग्रजीत लिहायला त्यांना अडचण असेल तर शेजारी बसून मदत करा.

आता मूळ मुद्दा, वाचन. घाबरू नका कारण तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी तिकडच्या मुलांकडं नसते, सरगम. तिकडं साइट सिंगिंगला (नवीन कागद बघून लगेच गायला) बऱ्याच कॉलेजात मूव्हेबल डो वापरतात, म्हणजे स्केल कुठलंही असो, पहिला सूर डो. हे तर आपलं सा च झालं की! डो रे मि फा सोल ला टि म्हणजे सा रे ग म प ध नी, आणि कोमल-तीव्रला पण वेगळी नावं आहेत, कोमल ग म्हणजे मे, कोमल ध म्हणजे ले, कोमल नी म्हणजे ते, कोमल रे म्हणजे रा, तीव्र म म्हणजे फि. थाट येत असतील तर मोड्ससुद्धा (त्यांचे स्वरसप्तकांचे प्रकार) तुम्हाला आधीच येतात, बिलावल म्हणजे मेजर, काफी म्हणजे डोरियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन, कल्याण म्हणजे लिडियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, आसावरी म्हणजे नॅचरल मायनर. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर पहिले तीन महिने मी रडले नसते. फक्त एक सांभाळा, काही कॉलेजात मायनर स्केलला पहिल्या सुराला ला म्हणतात, डो नाही, तेव्हा तुमच्या कॉलेजात कुठली पद्धत आहे ते मेल करून विचारून ठेवा आणि तीच घोका.

तालाचं तर अजून नवल आहे. तिकडं अनेक ठिकाणी रिदम वाचायला ताकादिमी नावाची पद्धत शिकवतात, १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी बसवलेली, आणि त्यातले बोल आपल्या दक्षिणेकडच्या कोनक्कोलवरून (तालाचे बोल तोंडानं म्हणायच्या कलेवरून) सुचलेले आहेत. बीट नेहमी ता वर पडतो, अर्धा बीट दि, चार भाग केले तर ता का दि मि, तीन भाग केले तर ता कि दा. ज्यानं तबल्याच्या क्लासला हातावर टाळी देत दुगुन तिगुन केलीय त्याला हे आठवड्यात येतं. मी रिक्षात बसून करायचे, माळीवाड्यापासून घरापर्यंत.

रोज काय करायचं तर हे. वीस मिनिटं, त्याहून जास्त नको पण एकही दिवस खाडा नको. चार आवाजांचं स्टाफ नोटेशन असलेलं जुनं भजनाचं पुस्तक घ्या, चर्चच्या कपाटात एखादं तरी असतंच, त्यातली न ऐकलेली चाल काढा, कारण ओळखीची चाल कान सांगतो आणि डोळे झोपतात. आधी नुसता ताल ता-दि करत वाचा, मग सूर सरगममध्ये, मग दोन्ही. मग वरून खाली चारही आवाज, सोमवारी सोप्रानो, मंगळवारी आल्टो, बुधवारी टेनर, गुरुवारी बास. हो, मुलींनी बाससुद्धा, एक सप्तक वर गा पण वाचा बास क्लेफमध्ये. शुक्रवारी तेच पियानोवर दोन्ही हातांनी, अगदी कासवाच्या गतीनं. सहा महिन्यांत फरक तुम्हालाच दिसेल. एकदा घेतलेली चाल पुन्हा घ्यायची नाही, तिचा उपयोग संपला.

पियानोबद्दल वेगळं सांगायला हवं. आपण पेटीवर वाढलेलो, डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर, किंवा कीबोर्डवर डाव्या हातानं कॉर्ड धरली की पुढची साथ मशीनच वाजवतं, त्यामुळं डावा हात स्वतंत्र चालतच नाही. तिकडं तुमचा विषय गायन असो की व्हायोलिन, पियानो प्रोफिशियन्सीची परीक्षा पास झाल्याशिवाय बीएमची डिग्री हातात पडत नाही, आणि त्यात काय असतं तर दोन्ही हातांनी स्केल्स, दिलेल्या चालीला जागेवर कॉर्ड लावणं, दुसऱ्या पट्टीत वाजवणं, भजन समोर ठेवून वाजवणं. पट्टी बदलणं आणि कॉर्ड लावणं आपल्याला येतं. डावा हात नाही येत. तेव्हा कीबोर्डची ती स्टाइल वर्षभर बंद ठेवा, आणि जमलं तर वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, सेकंडहँड पुण्यात मिळतात.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड्स द्याव्यात का असं विचारतात. अमेरिकन कॉलेजला त्या लागत नाहीत, पण त्यामुळं शिस्त येते आणि ओरिजिनल पीसेस बसवले जातात, म्हणून द्या. एबीआरएसएमला ग्रेड ५ थिअरी (किंवा त्यांनी तिच्या बदल्यात मान्य केलेली परीक्षा) झाल्याशिवाय ग्रेड ६ आणि पुढची वाद्याची-गायनाची परीक्षा देता येत नाही, ते माझ्या मते फार चांगलं आहे. गोव्यात कला अकादमीत वेस्टर्न म्युझिकचा विभाग आहे, पुण्या-मुंबईत टीचर बरे मिळतात, आणि नगर-संगमनेरसारख्या गावात असाल तर ऑनलाइन शिका पण महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन दाखवा, गळा आणि हात स्क्रीनवर नीट दिसत नाहीत.

ऑडिशनचं वेळापत्रक आत्ताच डोक्यात बसवा. ऑगस्टमध्ये जायचं तर आदल्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अर्ज, त्याच सुमारास प्रीस्क्रीनचा म्हणजे पहिल्या चाळणीचा व्हिडिओ, जानेवारी-फेब्रुवारीत ऑडिशन, मार्चमध्ये उत्तर आणि १ मेपर्यंत तुम्ही हो की नाही कळवायचं. म्हणजे बारावीची बोर्डाची परीक्षा नेमकी मध्ये येते! ज्यांना दोन्ही झेपणार नाही त्यांनी बारावीनंतर एक वर्ष थांबावं, त्या वर्षात काही वाया जात नाही उलट गळा आणि हात दोन्ही तयार होतात, मी स्वतः थांबले होते. गायनाला साधारण दोन-तीन गाणी पाठ लागतात, एक इंग्रजी आणि एक इटालियन बहुतेक ठिकाणी चालतं, पियानोला बाख या जर्मन संगीतकाराचं काहीतरी, एखाद्या क्लासिकल सोनाटाचा पहिला भाग आणि एक रोमँटिक किंवा त्यानंतरचा पीस. वर्शिपच्या शाखेला बँडसोबतची गाणी चालतात. परदेशातल्या मुलांना बऱ्याच ठिकाणी व्हिडिओवरच ऑडिशन देता येते, तिकडं जाऊन यायचा खर्च करू नका.

व्हिडिओ कसा काढायचा हे नीट ऐका, कारण इथं चांगली मुलं उगाच मार खातात. एका गाण्याचा एकच टेक, मध्ये कट नाही, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) नाही, ऑटोट्यून तर अजिबात नाही. फोन आडवा, तुम्ही गुडघ्यापासून डोक्यापर्यंत दिसला पाहिजेत कारण ते श्वास कसा घेता ते बघतात. सुरुवातीला नाव आणि गाण्याचं नाव सांगायचं. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाऊ नका, पियानोवाला शोधा. आम्ही चर्चमध्ये सकाळी सहाला काढायला गेलो, दादानं फोन दोन खुर्च्या एकमेकींवर ठेवून त्यावर बांधला, पंखे बंद केले तर वर कबुतरं घुमायला लागली, त्यांना हाकलून येईपर्यंत बाहेर दुधाच्या गाड्या सुरू झाल्या. सातवा टेक पाठवला. त्यात माझा एक सूर किंचित खाली आहे पण गाणं मनापासून झालंय, आणि कॉलेजच्या मॅडमनी नंतर सांगितलं की आम्ही तुझा श्वास आणि तुझं ऐकणं बघितलं, परफेक्ट कोणीच नसतं म्हणून तर शिकायला येतात. पियानो चारशेचाळीस हर्ट्झला (ठरलेल्या पट्टीला) ट्यून आहे का ते आदल्या दिवशी ॲपवर बघा, जुन्या चर्चचे पियानो उतरलेले असतात, पेटीवर तर रेकॉर्ड करूच नका.

इटालियन आणि जर्मनची भीती वाटते ना, तिथं मराठी कामाला येते. इटालियनचे त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ लावून आहेत, अमेरिकन मुलं महिनाभर ते शिकत असतात. जोडाक्षरंपण तशीच, आपल्याकडं कला आणि कल्ला वेगळं तसं इटालियनमध्येही एकेरी-दुहेरी व्यंजनानं अर्थ बदलतो. आणि जर्मन झेड म्हणजे आपला चमचातला च, चहातला नाही. डिक्शनच्या म्हणजे उच्चारांच्या क्लासला तो आवाज पहिल्याच फटक्यात काढणारी मी एकटी होते. अवघड जातं ते जर्मन-फ्रेंचमधले ओठ गोल करून काढायचे स्वर आणि इंग्रजीतले व्ही-डब्ल्यू. आपण दोन्हीला व म्हणतो. आरशासमोर व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात का बघत रोज वीस शब्द.

तिकडं गेल्यावर आठवडा कसा असतो तर आठवड्याला एक तासाचा वैयक्तिक लेसन, क्वायर किंवा ऑर्केस्ट्रा आठवड्याला चार-पाच तास ज्याचं क्रेडिट जेमतेम एक मिळतं, थिअरी, ऑरल स्किल्स (ऐकून सूर-ताल ओळखणं), पियानोचा क्लास, शिवाय इंग्रजी, बायबल, एखादं सायन्स. दर सेमिस्टरला ठरावीक मैफली ऐकायला बसणं सक्तीचं, हजेरी लागते. सेमिस्टरच्या शेवटी जूरी, म्हणजे बंद खोलीत तीन-चार प्राध्यापक आणि तुम्ही, दहा मिनिटं, पहिलं गाणं तुम्ही निवडायचं दुसरं ते सांगणार. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक मोठी जूरी असते, तिथं ठरतं की तुम्ही या शाखेत पुढं जाणार का. तिसऱ्या वर्षी अर्धा तासाचं रिसायटल, चौथ्या वर्षी तासाभराचं. थिअरीत एक गोष्ट आपल्याला फार छळते, पॅरलल फिफ्थ्स, चार आवाज लिहिताना दोन आवाज पंचमाच्या अंतरानं सोबत सरकवायचे नाहीत असा नियम. आपला कान तानपुऱ्याच्या सा-प मध्ये वाढलेला, आपल्याला ते गोडच लागतं, त्यामुळं चूक ऐकू येत नाही. ती डोळ्यांनी शोधायची सवय लावा, प्रत्येक दोन आवाजांची जोडी पेन्सिलनं तपासून.

गळ्याचं सांभाळा. मिडवेस्टच्या थंडीत खोल्यांमध्ये हीटर चालतो आणि हवा इतकी कोरडी होते की सकाळी आवाज फुटत नाही. खोलीत छोटा ह्युमिडिफायर ठेवा, सुरुवातीलाच घ्या, नोव्हेंबरची वाट बघू नका.

पैसे. राहणं-खाणं धरून या खाजगी ख्रिश्चन युनिव्हर्सिटींचा छापील खर्च वर्षाला साधारण ४५ ते ८० हजार डॉलरच्या आसपास जातो, आकडा बघून तिथंच मान टाकू नका कारण छापील खर्च फार थोडे लोक भरतात. मार्कांची स्कॉलरशिप वेगळी, ऑडिशनवरची म्युझिक स्कॉलरशिप वेगळी, आणि गरजेवर आधारित मदत वेगळी, तिच्यासाठी परदेशी मुलांना बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो. अमेरिकन सरकारची मदत आपल्याला नाही. पत्र आलं की तीन गोष्टी लेखी विचारा, ही रक्कम चारही वर्षं मिळणार का, किती जीपीए (मार्कांची सरासरी) ठेवावा लागेल, आणि शाखा बदलली तर काय. माझ्या मैत्रिणीनं दुसऱ्या वर्षी परफॉर्मन्स सोडून बीए घेतलं तर म्युझिकचे निम्मे पैसे कमी झाले, तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि मिळालेली रक्कम कमी पडत असेल तर नम्रपणे पुन्हा विचारायला काहीच हरकत नाही, दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून, मी विचारलं होतं आणि वाढवून मिळाली.

व्हिसाचं थोडक्यात. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा दाखवला की कॉलेज आय-२० (व्हिसासाठीचा प्रवेशाचा कागद) पाठवतं, मग ३५० डॉलर सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), मग व्हिसाचा इंटरव्ह्यू, मुंबईत बीकेसीला. संगीत शिकून काय करणार असं विचारतील, उत्तर साधं आणि खरं ठेवा. इथं एक गोष्ट फार जपा. तिकडच्या चर्चेसना पियानो-ऑर्गन वाजवणारे हवेच असतात आणि रविवारचे पैसे देऊ करतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर पैसे घेऊन काम करता येत नाही, चर्च असलं तरी नाही, देवाचं काम असलं तरी पाकीट घेतलं की ते काम. कॅम्पसवर मात्र सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत करता येतं, म्हणून म्युझिक डिपार्टमेंटमध्येच साथीला बसायचं काम मागा, वाचन चांगलं असेल तर हे काम लगेच मिळतं, बघा, पुन्हा वाचन. चर्च म्युझिकवाल्यांना इंटर्नशिप कोर्सचा भाग असेल तर सीपीटी (शिकतानाच बाहेर काम करायची परवानगी) मिळू शकतं, त्याचा कागद इंटरनॅशनल ऑफिसमधून हातात आल्यावरच पहिला रविवार. डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, इंजिनियर लोकांना मिळतात तसे वरचे २४ महिने बीएमवाल्यांना मिळत नाहीत, हे घरी आधीच समजावून सांगा. परत येऊन इथं पुढं शिकायचं किंवा नोकरी करायची तर समकक्षतेचं (आपल्याकडच्या डिग्रीच्या बरोबरीचं) सर्टिफिकेट काढून ठेवा, आधी ते एआययू द्यायची, २०२५ च्या नियमांनुसार ते यूजीसी देते.

शेवटचं, आपलं संगीत तिकडं घेऊन जा. मंजिरी बॅगेत मावते, न्या. चौथ्या वर्षी रिसायटलमध्ये मी आपल्याकडचं एक मराठी ख्रिस्ती भजन ठेवायचं म्हटलं, तर कमिटी म्हणाली नोटेशन करून दे. भजनी ठेका आठ मात्रांचा, चार-चारच्या दोन बारमध्ये (नोटेशनमधल्या खणांत) बसवला, चाल आणि समूहाची ओळ लिहून काढली, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कशी लिहायची यावर माझे आणि सरांचे दोन लेसन गेले. मग सोळा जणांना शब्द शिकवले. सगळं जमलं, फक्त ळ जमेना. कृपाळू म्हणायचं होतं, सगळे कृपालू म्हणायचे. शेवटी एक उंच टेनर होता शेतकऱ्याच्या घरातला, त्याला सांगितलं जिभेचं टोक मागं वळव, टाळूला लाव आणि झटक्यात पुढं सोड, त्यानं पंधरा-वीस वेळा केलं आणि एकदम आला, खणखणीत ळ, आख्खा क्वायर ओरडला. मग तोच प्रत्येकाच्या समोर उभा राहून शिकवत होता. रिसायटलच्या दिवशी आई फोनवर ऐकत होती, इकडं पहाटेचे पाच, तिला तो ळ ऐकू आला म्हणाली.

ते नोटेशन माझ्याकडं आहे, चार पानांचं. यंदा प्रॅक्टिसला मागं थांबणाऱ्यांना मी तेच समोर ठेवणार आहे, बास क्लेफची ओळ आधी गाऊन दाखवा म्हणून.